मनगटं दोन, घड्याळं डझनभर

विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंग आहे, मेडिकल आहे. वेळेवर पोचायच्या जागांची काही कमी नाही. तरी आमच्या ट्यूशनवाल्या सरांचा जपानी घड्याळांचा डबा उघडला की प्रत्येकात वेगळीच वेळ. सिको ५ ला सेल नसतो, हात हलला तर चावी भरते. काढून ठेवलं की साधारण ४० तासांत गप. मनगटं दोनच, सर तरी काय करणार!

त्यांचा जीव अडकलाय तो भगव्या तबकडीच्या ‘जुन्या’ सिकोत. काटे नवेकोरे, रंग जरासा अक्षरांवर चढलेला. आतलं यंत्र जपानी, वरची रंगरंगोटी देशी. असल्या मालाला जगभरचे शौकीन ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हसतात. सर ‘व्हिंटेज’ म्हणतात, आणि घरी निम्मीच किंमत सांगतात.

वडिलांचं एचएमटी मात्र माळ्यावर. त्या कारखान्याला १९६१ साली जपानच्याच सिटिझननं हात दिला होता, हे सरांना सांगायची सोय नाही. लगेच त्याचाही भाव काढतील.

परवा ट्यूशनला अर्धा तास उशीर. कारण? “कोणतं घालावं, ठरेना.” पोरं कॅसिओकडं बघत बसली होती.