ताशी साडेसतराचा हत्ती

पुण्याहून बंगळूरला निघालेल्या मराठी माणसाला पूर्वी घरून यादी मिळायची: म्हैसूर सँडल साबण, उदबत्त्या, म्हैसूरपाक, आणि वहिनींनी सांगितलेल्या रंगाची रेशमी साडी, जी त्या रंगाची कधीच निघत नसे. आता यादीत एक नग वाढलाय. ‘तिकडचे आयटीवाले गाड्या पटापट बदलतात, सात वर्षांची जर्मन एसयूव्ही नव्या क्रेटाच्या पैशात मिळते,’ ही बातमी प्रत्येक सोसायटीत एखादा तरी मेहुणा घेऊन येतोच. बातमी बऱ्याच अंशी खरी आहे, आणि तीच खरी अडचण आहे. माझं म्हणणं एवढंच की आलिशान गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, खर्च उतरत नाही. आणि बंगळुरात मुरलेल्या गाडीचा तर तो वर चढलेला असतो. हे म्हणणारा लेखक पार्किंगचे वीस रुपये वाचवण्यासाठी अर्धा किलोमीटर पायी चालणाऱ्या जमातीतला आहे. त्याच्या मताला कंजूषपणाचा वास येणार, हे गृहीत धरूनच पुढे वाचावं.

राष्ट्रीय महामार्ग 48 वरून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, तुमकूर असा सुमारे 840 किलोमीटरचा प्रवास बराचसा सुखाचा असतो. वाटेत बेळगावचा कुंदा आणि दावणगिरीचा लोण्याचा डोसा. पोहोचल्यावर लालबाग, विधानसौध, कब्बन पार्क. प्रेक्षणीय स्थळं संपली. खरं पाहण्यासारखं पुढे आहे. नेलमंगल ओलांडलं की वाहतूक घट्ट होत जाते आणि आपण शहरात शिरतोय की एखाद्या रांगेत उभे आहोत, हे कळेनासं होतं. टॉमटॉम या कंपनीच्या 2024 च्या वाहतूक निर्देशांकात बंगळूरला 10 किलोमीटर कापायला सरासरी 34 मिनिटं 10 सेकंद लागले आणि शहराचा क्रमांक जगात तिसरा होता. म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर. (पुणेकरांनी हसू नये. त्यांची 33 मिनिटं 22 सेकंद, क्रमांक चौथा. ते ताशी अठराच्या वेगाने हसतात.) या रांगेत ताशी सव्वादोनशे-अडीचशेला पळण्यासाठी बांधलेल्या, दोन-सव्वादोन टनांच्या गाड्या उभ्या असतात. आत एक माणूस, बाहेर एक स्विगीवाला, आणि पुढे जातो तो स्विगीवाला.

आता विकणाऱ्याचं आवडतं वाक्य घ्या: ‘सिंगल ओनर, रनिंग फक्त चाळीस हजार.’ हे ऐकून आपला जीव हरखतो, कारण आपण गाडीचं वय किलोमीटरमध्ये मोजायला शिकलो आहोत. पण इंजिनला किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. महामार्गावर ताशी साठने चाललेल्या गाडीच्या चाळीस हजार किलोमीटरमागे इंजिन सुमारे 670 तास फिरलेलं असतं. तेच अंतर साडेसतराच्या वेगाने कापलं तर सुमारे 2,300 तास होतात. म्हणजे बनशंकरीहून व्हाइटफील्डला ऑफिस गाठणारी ही ‘कमी चाललेली’ गाडी महामार्गाच्या हिशेबाने एक लाख चाळीस हजारांच्या घरात पोहोचलेली असते. तेवढे तास पाण्याचा पंप फिरला, एसीचा कॉम्प्रेसर कण्हला, रबरी होज शिजले, आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एक-दोन-एक करत राहिला. गाडीचं सगळंच आयुष्य ट्रॅफिकमध्ये जात नाही, मालक कधीतरी कूर्गलाही जातो, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून 2,300 चे अठराशे करा. तरी महामार्गाच्या जवळजवळ तिप्पट राहतात, आणि ओडोमीटर मात्र निरागसपणे चाळीस हजारच दाखवतो. त्यात मागे फिरवलेला ओडोमीटर हा निराळा विषय. इथे तर काटा खरा असूनही गाडी फसवते.

डिझेल असेल तर हा प्रकार आणखी रंगतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ कायमचा बसला; आलिशान गाड्यांत तो काही ठिकाणी आधीपासूनच होता. साठलेली काजळी तो सहाशेएक अंश तापमानाला स्वतःच जाळून टाकतो, फक्त त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं न थांबता बऱ्या वेगाने चालायला हवी. आउटर रिंग रोडवर सकाळी साडेनऊला एवढी माफक मागणीही कोणी पुरी करू शकत नाही. गाडी काजळी जाळायला घेते, सिल्क बोर्डचा सिग्नल लागतो, काम अर्धवट राहतं, आणि त्यासाठी जादा फवारलेल्या डिझेलचा काही भाग इंजिन ऑइलमध्ये उतरतो. असं वारंवार झालं की एक दिवस पिवळा दिवा लागतो. मर्सिडीजची जर्मनीबाहेरची सर्वांत मोठी संशोधन शाखा याच शहरात आहे, बॉशचा मोठा पसाराही इथेच आहे. म्हणजे ज्या गावच्या रहदारीने दिवा लागतो, त्याच गावात कोणीतरी दिव्याचं सॉफ्टवेअर लिहीत बसलेलं असण्याची दाट शक्यता आहे. आणि तोही बहुधा ऑफिसला उशिरा पोहोचलेला असेल. यावर ‘रविवारी नंदी हिल्सला चक्कर मारली की डीपीएफ साफ होतो’ असा उपाय सुचवतात. उपाय चालतो. पण फिल्टरची हवापालट व्हावी म्हणून रविवारी पहाटे चारला उठणाऱ्या माणसाने गाडी पाळली आहे की गाडीने माणूस, याचा विचार व्हावा.

आता गाडी जरा खाली वाकून पाहू. या वर्गातल्या अनेक एसयूव्हींना पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे असतात. चाकाच्या कमानीत टॉर्च मारून फुग्याच्या घडीत पाहिलं तर सहा-सात वर्षांच्या रबरावर केसाएवढ्या बारीक चिरा दिसतात. रात्री त्यांतून हवा झिरपते आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली असते, उरलेले तीन कोपरे ताठ. मालक इंजिन चालू करतो, कॉम्प्रेसर घरघरतो, गाडी पुन्हा उभी राहते, आणि मालक म्हणतो, ‘तिला जरा वेळ लागतो.’ वेळ लागत नसतो, कॉम्प्रेसर जळत असतो. गळक्या फुग्यांना रोज पुरं पडता पडता तो एक दिवस मान टाकतो आणि एका पार्टच्या जागी दोन पार्टचं बिल येतं. बंगळूरच्या गल्ल्यांतले स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे या आजाराला खतपाणी घालतात. बिलाच्या आकड्यावर मेहुण्याला विश्वास ठेवणं जड जातं, कारण त्याच्या मनात गाडी तीस लाखांची आहे. फुगा मात्र कोटीच्या गाडीचा आहे आणि त्याला सेकंडहँड बाजारातला भाव माहीत नाही. हेडलाइटची तीच कथा, टचस्क्रीनची तीच, रनफ्लॅट टायरची तीच. विमा कंपनी दरवर्षी गाडीची किंमत कमी धरते; काचेचा कारखाना धरत नाही.

‘पण या गाड्या तर आता इथेच बनतात!’ हा आक्षेप देशाभिमानी आहे आणि त्यात तथ्यही आहे. मर्सिडीजची जीएलई चाकणला जोडली जाते, ऑडीची क्यू-7 छत्रपती संभाजीनगरला, 2024 पासून रेंज रोव्हरही पुण्यात, व्होल्वोची एक्ससी-90 तर बंगळूरशेजारी होसकोटेला. पण जोडणी इथली, मुख्य पार्ट पेटीतून आलेले. त्यामुळे चाकणपासून वीस किलोमीटरवर राहणाऱ्यालाही गिअरबॉक्सच्या पार्टसाठी जर्मनीकडे डोळे लावून बसावं लागू शकतं. दुसरा आक्षेप स्वस्त पर्यायाचा: जेसी रोडची पार्टबाजारपेठ, शिवाजीनगरचा गुजरी बाजार, आणि शोरूमबाहेरचे कसबी मेकॅनिक. हे मात्र मी मनापासून मान्य करतो. स्कॅनर लावून, कान देऊन, हाताने चाचपून दोष नेमका पकडणारी माणसं या शहरात आहेत, आणि जुनी गाडी जगते ती त्यांच्यामुळेच. सप्टेंबर 2025 पासून पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणजे पक्क्या बिलात शंभरामागे आठेक रुपये वाचले. तरीही एबीएसचं युनिट किंवा एअरबॅग गुजरीतून आणावी असं मी कोणाला सुचवणार नाही.

उरला नंबरप्लेटचा विषय. वीस लाखांवरच्या गाडीवर कर्नाटकात 18 टक्के आजीवन कर, त्या करावर 11 टक्के उपकर. कोटीच्या गाडीला जवळजवळ वीस लाख. म्हणून बंगळुरात ‘एमएच’ आणि पुदुच्चेरीच्या पाट्यांच्या बड्या गाड्या दिसत. 2025 मध्ये परिवहन खात्याने त्यांच्यामागे ससेमिरा लावला. जुलैत महाराष्ट्रात नोंदलेल्या एका फेरारीने 1 कोटी 41 लाखांचा भरणा केला. त्याच महिन्यात पूर्वी अमिताभ बच्चन आणि आमिर खान यांच्या असलेल्या दोन रोल्स-रॉइसवर सुमारे 38 लाखांची वसुली लागली. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सवलत मिळते, पण हिशेब ती नवी असतानाच्या किमतीवरून सुरू होतो. म्हणजे आरटीओसुद्धा फुग्याच्याच बाजूने. गाडी पुण्याला न्यायची तर उलटा प्रवास: तिकडची एनओसी, इकडे पुन्हा कर, तिकडच्या परताव्याची वाट. देखभाल परवडेना म्हणून बंगळुरात सौदा करण्याची आपली परंपरा मात्र जुनी आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतलं हे शहर व्यंकोजीराजांना तंजावरहून सांभाळणं जड गेलं; 1687 मध्ये म्हैसूरच्या चिक्कदेवराजाशी तीन लाखांत बोलणी ठरली, मोगल सरदार कासीमखान मध्येच घुसला, आणि अखेर शहर म्हैसूरकरांकडेच गेलं. त्या भावात आज त्या शहरात एअर सस्पेन्शनचं काम निघेल.

सप्टेंबर 2022 चा पाऊस विसरून चालणार नाही. यमलूर, बेळ्ळंदूर, सर्जापूर रोडच्या बंगल्यांच्या आवारात गाड्या छपरापर्यंत बुडाल्या आणि रहिवाशांना ट्रॅक्टरमधून बाहेर काढावं लागलं. फोटो बुडालेल्या गाड्यांचे छापून आले. त्याच पाण्याने वस्त्यांमधल्या पत्र्याच्या घरांतली धान्याची पिंपं आणि मुलांची दप्तरंही भिजवली. त्यांचा विमा नव्हता, आणि त्यांचा लिलावही कोणी केला नाही. गाड्यांचा मात्र होतो. बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या गावात विकायला उभी राहते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा: वरचा हातभर पट्टा कोणीही धुतो, गुंडाळीच्या तळाशी मातकट रेघ राहते. स्टेपनीच्या खाचेतला गाळ आणि सीटखालच्या बोल्टांवरचा गंजही बोलतात.

‘हौसेला मोल नसतं’ हा शेवटचा आक्षेप आणि तो खोडण्याची माझी इच्छा नाही. उंच सीटवर बसून, दार मऊ आवाजात लावून रांगेत तास काढणं हे उघड्या स्कूटरवर काढण्यापेक्षा सुखाचं आहेच. फक्त हौसेचं बजेट नव्या गाडीच्या किमतीवरून काढा, विकत घेतलेल्या किमतीवरून नको. ते झेपत नसेल तर बंगळूरजवळ बिडदीला किर्लोस्करांच्या भागीदारीतल्या कारखान्यात टोयोटाची फॉर्च्युनर बनते. जुनी फॉर्च्युनर महाग मिळते, पण तो महागपणा पुढे विकताना बराचसा परत मिळतो. आणि जर्मन घ्यायचीच असेल तर पेट्रोल घ्या, पोलादी स्प्रिंगची घ्या, कंपनीची वाढीव वॉरंटी शिल्लक असलेली घ्या, जिथे चालवायची त्या राज्याच्या नंबरची घ्या. इसार देण्याआधी तिऱ्हाईत मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या आणि कंट्रोल युनिटमध्ये नोंद मिळत असेल तर इंजिनचे तास काढायला सांगा. विकणारा त्याला तयार नसेल, तर तीच उदबत्ती आणि म्हैसूरपाक घेऊन परत या.