वाकड्या अंगणाचा दाखला

नाचता येईना म्हणून अंगणाला नावं ठेवणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. पण अंगण खरोखर वाकडं आहे, असा लेखी दाखला त्यांतल्या कुणालाही कधी मिळालेला नाही. माझ्याकडे तो आहे. युरोपातून आलेला, सहीशिक्क्यानिशी.

अंगण म्हणजे माझ्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर. 1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचं ब्राँझ मिळवलं आणि पुण्यातल्या कित्येक आईबापांनी पोरांना शूटिंगला घातलं. आम्हीही लेकीची फी भरली. ती म्हणाली, ‘मला नाही जायचं.’ फी परत मिळणार नव्हती, म्हणून मी गेलो. रायफलवाल्यांचं ते जाडजूड जाकीट माझ्या पोटावर बंद होईना, म्हणून पिस्तूल.

खेळ ऐकायला सोपा आहे. दहा मीटरवर टार्गेट, 4.5 मिलिमीटरचा छर्रा, एका हाताने नेम. पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट मारायचे. मधला दहाचा ठिपका 11.5 मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिला हलकेच मागे येतो, मग बोटाला एक भिंत लागते. तिथे थांबायचं आणि दाब असा वाढवत न्यायचा, की शॉट आपल्याही नकळत सुटला पाहिजे. माझे सगळेच शॉट माझ्या नकळत सुटत. ते कुठे जात, हेही मला नकळतच राही.

काही महिन्यांनी ती भिंत नाहीशी झाली. कधी बोट टेकताच शॉट जायचा, कधी कितीही ओढलं तरी पिस्तूल ढिम्म. मी कोचला सांगितलं. ती माझ्या लेकीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, ‘काका, सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं.’

खरा निकाल क्लबच्या स्पर्धेत लागला. ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा असावा, असा नियम आहे. तपासायची रीत अशी, की पिस्तूल उभं धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि वर उचलायचं. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. संधी तीन. तिन्ही वेळा ‘टक’ झालं. तपासनीस म्हणाले, ‘अंडरवेट.’ माझ्या मालकीच्या कुठल्याही गोष्टीला हा शब्द लागायची ही पहिलीच वेळ.

मला स्पर्धेत उतरता आलं नाही आणि त्या संध्याकाळी माझ्याइतका सुखी माणूस रेंजवर नव्हता. आजवरचे माझे सगळे पाच, सहा आणि टार्गेटबाहेरचे शॉट एका फटक्यात ट्रिगरच्या खात्यात जमा झाले. भेटेल त्याला मी मनू भाकरची गोष्ट सांगत सुटलो. 2021 मध्ये, टोकियोत, ऐन फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, तिला बारावा नंबर मिळाला आणि अंतिम फेरी हुकली. ‘आमचंही तसंच झालं,’ असं मी म्हणायचो. एवढं होऊनही तिने 600 पैकी 575 केले होते, हा तपशील मी गाळायचो.

आता दुरुस्ती. मेहुण्याचा मिक्सर दुरुस्त करण्यात हातखंडा आहे, निदान तो उघडण्यात. तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर झाला. या ट्रिगरला पहिल्या टप्प्याचा एक स्क्रू, दुसऱ्याचा एक, वजनाचा वेगळा, बोट कुठे थांबावं त्याचा आणखी वेगळा. मेहुण्याचे डोळे लकाकले. तेवढ्यात माझ्या तक्रारीवर कंपनीची मेल आली. पहिलाच प्रश्न होता: कुणी उघडलं आहे का? मेहुण्याला चहा पाजून वाटेला लावला.

कंपनीला बिघाडाचा व्हिडिओ हवा होता. गच्चीत मी भिंतीवर रिकामं पिस्तूल रोखून उभा, बायको शूटिंग करतेय, आणि वाळवण काढायला आलेल्या शेजारच्या काकू तशाच माघारी वळल्या. दोन दिवस त्यांचं वाळवण गच्चीतच होतं.

पिस्तूल आधी दिल्लीच्या एजंटाकडे पाठवायचं होतं. कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलाने विचारलं, ‘आत काय आहे?’ मी म्हणालो, ‘पिस्तूल.’ तो आत गेला तो साहेबांना घेऊनच आला. मी खेळाचं सामान म्हणालो, क्लबचं पत्र दाखवलं. मग हवेच्या सिलिंडरवरून अडलं. त्यात 200 बारपर्यंत दाब भरतात, हे मी उत्साहाने सांगून टाकलं होतं. अखेर सिलिंडर काढून घरी ठेवला आणि उरलेलं पिस्तूल रवाना झालं.

पुढचे दिवस मी रेंजवर पेशंटच्या नातेवाइकासारखा जायचो. लोक चौकशी करत. मी सुस्कारा टाकून ‘युरोपात आहे’ म्हणायचो.

पिस्तूल परत आलं ते अहवालासकट. हॅमरला अडवून धरणाऱ्या सिअर नावाच्या इवल्याशा तुकड्याची धार मुळातच सदोष होती. तो बदलला, पैसे नाहीत. आणि खाली ते सोन्यासारखं वाक्य: वापरणाऱ्याचा दोष नाही. मी ते लॅमिनेट करून घेतलं. सोबत टेस्ट कार्डही होतं. पिस्तूल यंत्रात घट्ट आवळून मारलेले पाच छर्रे, आणि कार्डावर भोक एकच. ते मात्र मी लॅमिनेट केलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कोचसमोर उभा राहिलो. भिंत जागेवर होती, ट्रिगर लोण्यासारखा. पहिला शॉट सहा. दुसरा पाच. तिसरा शेजारच्या लेनमधल्या मुलाच्या टार्गेटवर. कोचने पिस्तूल मागून घेतलं, एक शॉट मारला. दहा.

‘ट्रिगर मस्त झालाय, काका,’ ती म्हणाली. ‘त्याच्याबरोबर बोटही पाठवायचं होतंत.’

बोटाची वॉरंटी केव्हाच संपली. मूळ उत्पादक साताऱ्याला असतात, दोघंही ऐंशीच्या घरात. त्या रात्री फोनवर त्यांच्या कानावर घातलं. त्यांचा अहवाल माझ्या शाळेपासून बदललेला नाही: मालात खोट नव्हती, दोष वापरणाऱ्याचा.