सागवानातली मेथी

परसबाग पुन्हा उभी करायची तर आधी सुतार बोलवावा लागतो, हे आमच्या कॉलनीला नव्याने कळलं आहे. वर्षानुवर्षं गाजरगवत आणि हराळी पोसणाऱ्या मागच्या तुकड्यात आता सागवानी चौकटी बसल्या आहेत. फूटभर उंच, चार फूट रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि माती पायाखाली तुडवली जात नाही. शास्त्र चोख आहे. पावसाळ्यात पाणी निथळतं, मुळं कुजत नाहीत, हेही खरं. फक्त आपला शेतकरी हळदीचे, आल्याचे गादीवाफे फावड्याने ओढून घालतो. त्याला सागवान लागत नाही.

मग कोकोपीटच्या विटा आल्या, गांडूळखताची पोती आली. बंगल्यातला पालापाचोळा मात्र नेहमीप्रमाणे फाटकाबाहेर जाळला गेला. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी याच पाल्याची माती करायला कधीच शिकवून ठेवलंय. पण फुकटच्या गोष्टीचा फोटो चांगला येत नसावा.

तळाशी पुठ्ठे अंथरल्यावर तण संपल्याचं जाहीर झालं. लव्हाळ्याला कोणी कळवलं नव्हतं. त्याच्या गाठी जमिनीत शाबूत, वर आयती भुसभुशीत माती. पुठ्ठा भोसकून स्वारी हिरवीगार वर हजर.

यथावकाश मेथी निघाली. शेजारीपाजारी चार-चार काड्या वाटल्या गेल्या. हिशेब विचारण्याइतके आम्ही असभ्य नाही. भाजीवाल्या मावशींनी मात्र टोपली उतरवता उतरवता विचारलंच, "केवढ्याला पडली हो जुडी?"