चुली किती?

मी शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे निदान मोजता तरी येतं, असा माझा समज होता. 2010 च्या मे महिन्यात जनगणनेच्या घरयादीचं काम गळ्यात पडलं आणि धुळ्याच्या देवपुरातल्या एका दुमजली घराने तो समज भर उन्हात वाळत घातला.

प्रशिक्षणात सगळं सोपं वाटलं होतं. एकत्र राहतात आणि सामान्यतः एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात, ते एक कुटुंब. भाऊबंदकी, रेशनकार्ड, दारावरची पाटी, कशाचा संबंध नाही.

त्या घरात स्वयंपाकघर एकच होतं, पण ओट्यावर गॅसच्या शेगड्या दोन. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "एकच कुटुंब." धाकट्या म्हणाल्या, "भाकरी आमच्या वेगळ्या." मी वर्गात विचारतो तसं विचारलं, "मग आखाजीच्या पुरणपोळ्या?" त्या मात्र एकाच खापरावर! आता ‘सामान्यतः’ या शब्दात आखाजीचा सण बसतो का?

जर्मन तर्कज्ञ गॉटलोब फ्रेगे याने 1884 मध्येच हे बजावून ठेवलं होतं. हातात पत्त्यांचा गठ्ठा देऊन नुसतं ‘किती?’ विचारलं, तर उत्तर देता येत नाही. पत्ते मोजायचे की कॅट, हे आधी सांगावं लागतं. संख्या वस्तूला चिकटलेली नसते, आपण ती कशाची म्हणून मोजतो त्यावर ठरते. पण फ्रेगेला निदान पत्ते उलटून बोलत नव्हते.

मी ही तत्त्वचर्चा दोघींना समजावून सांगू लागलो. जेवतो कोण, शिजवतं कोण, किराणा कोण भरतं, असे प्रश्न निघत गेले. वर्षानुवर्षं ज्याचा हिशेब कुणी मांडला नव्हता, तो माझ्यासमोर मांडला गेला. तेलाच्या डब्यापर्यंत प्रकरण आलं, तेव्हा खाटेवरच्या आजी उठून बसल्या. "मास्तर, तू मोजाले उना का घर फोडाले उना?"

मी घाईघाईने ‘दोन’ लिहिलं. त्या क्षणापर्यंत ती कुटुंबं दोन होती की नव्हती, हे मला आजही सांगता येणार नाही. लिहिल्यानंतर मात्र नक्की झाली.

2011 च्या जनगणनेत धुळे शहराची लोकसंख्या 3,75,559 भरली. माणसं मोजणं त्या मानाने सोपं. माणूस अर्धा इकडे, अर्धा तिकडे जेवला तरी एकच भरतो.

आता 2027 ची जनगणना येते आहे. प्रगणक दाराशी येण्याआधी चूल एक की दोन, हे घरातल्या घरात ठरवून ठेवा. आणि प्रगणक गणिताचा मास्तर निघाला, तर त्याला पाणी द्या, उत्तर द्या, पण बसायला खुर्ची देऊ नका.