इभ्रतीला धक्का न लागता जर्मन शिकण्याची रीत

नोकरीनिमित्त म्युनिक येथे वास्तव्य करणाऱ्या, शाळेपासून अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंत पहिल्या वर्गाखाली कधी न उतरलेल्या आणि सांप्रत एखाद्या मोठ्या कंपनीत दहा-पाच माणसांवर हुकमत चालवणाऱ्या मराठी गृहस्थाला जर्मन भाषा शिकण्याची इच्छा होते, हे निर्विवाद आहे. ही इच्छा बहुधा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, पुण्याची सुटी संपवून परत आल्यावर, प्रबळ होते. फेब्रुवारीत कामाच्या रगाड्यात ती मंदावते, आणि ईस्टरच्या सुमारास तिचे रूपांतर एका शांत, स्थिर आणि कोणालाही उपद्रव न देणाऱ्या संकल्पात होते. या विषयावरचे उपलब्ध ग्रंथ शिकणाऱ्याला भाषा यावी एवढाच संकुचित हेतू धरून रचलेले असल्यामुळे, भाषा शिकत असताना शिकणाऱ्याची इभ्रत कशी राखावी, या मूलभूत प्रश्नाचा त्यांत विचारच झालेला नाही. ती उणीव दूर करावी, इतकाच प्रस्तुत लेखकाचा मानस आहे.

प्रथम वेळेचा हिशेब मांडून ठेवावा, कारण तो पुढे फार उपयोगी पडतो. जर्मन सरकारने नवागतांसाठी जो एकात्मीकरणाचा अभ्यासक्रम आखला आहे, त्यात बी-वन या मधल्या पायरीपर्यंत नेण्यासाठी भाषेचे ६०० तास नेमले आहेत, आणि हा तास शाळेतल्यासारखा ४५ मिनिटांचा असतो. दिवसभर नोकरी करून ‘फोल्क्सहोखशुले’ नामक प्रौढशाळेच्या सायंवर्गाला आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन-दोन तास बसणाऱ्या उमेदवाराला हा पल्ला गाठण्यास, एकही दिवस आजारी न पडता आणि एकदाही पुण्याला न जाता, १५० आठवडे लागतील. हा आकडा मुखोद्गत करावा. गणेशोत्सवाच्या पंगतीत कोणी ‘काय, जर्मन कुठवर आले?’ असा आगाऊ प्रश्न विचारला, तर आकडा शांतपणे सांगावा आणि पुढच्या वाढपाकडे वळावे. त्याच दोन संध्याकाळी आपण मराठी मालिकांचे राहिलेले भाग पाहतो, हे सांगण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने घातलेले नाही.

खरी अडचण वेळेची नसतेच, हे अनुभवी मनुष्य जाणून असतो. जो गृहस्थ दुपारी तीन वाजता इंग्रजीतून कोट्यवधींच्या प्रकल्पाची मुदत वाढवून घेतो, त्यानेच सायंकाळी साडेसहाला एका लाकडी बाकावर बसून ‘माझे नाव अमुक, मी भारतातून आलो, मला सफरचंद आवडते’ असे चाचरत सांगावे, आणि तेही एकोणीस वर्षांची ब्राझीलची दाई, सिरियातून आलेला औषधविक्रेता आणि उपाहारगृहात भांडी घासणारा आफ्रिकी तरुण यांच्यासमोर सांगावे, यात जो अधिक्षेप आहे तो सोसण्याची सवय हुद्देदाराला उरलेली नसते. ती इतर मंडळी तर वाटेल ते चुकीचे बोलतात, स्वतःच हसतात, पुन्हा बोलतात, आणि बघता बघता वरच्या वर्गात निघून जातात. ज्याला गमावण्यासारखी प्रतिष्ठा नाही त्याला व्याकरणाचे भय कसले! यावर रामबाण उपाय असा की, ए-वनचा आरंभीचा वर्ग एकदा पुरा झाला की दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच वर्गात नाव नोंदवावे. मूळ पाया भक्कम करायचा आहे, असे शिक्षिकाबाईंना सांगावे. दुसऱ्या खेपेस उमेदवार वर्गात हुशार ठरतो, तिसऱ्या खेपेस तो पहिला येतो, आणि पहिला येण्याची जन्मजात सवय ज्याला आहे त्याला आणखी काय हवे असते?

मराठी मातृभाषा असण्याचे जे लाभ आहेत ते मात्र कटाक्षाने टाळले पाहिजेत, नाहीतर जर्मन अनपेक्षितपणे येऊ लागण्याचा धोका संभवतो. जर्मन मनुष्य एकवीस म्हणताना आधी एक म्हणतो आणि मग वीस, जसे आपण म्हणतो. त्याच्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाऊन बसते, जसे आपल्या प्रत्येक वाक्यात बसते. त्यालाही परक्यांसाठी आदरार्थी आणि जवळच्यांसाठी एकेरी सर्वनाम लागते. घड्याळही बरेचसे आपले आहे: म्युनिककडे ‘द्रायफिर्टेल आख्ट’ म्हणतात ते आपले पावणेआठ, आणि ‘हाल्ब आख्ट’ म्हणतात ते साडेसात. परंतु ज्याला ‘एकोणसत्तर’ हा शब्द कानावर पडताच क्षणभर थबकावे लागते आणि जो मनातल्या विचारावर आधी इंग्रजीची आणि मग जर्मनची अशी दुहेरी जकात भरतो, तो ‘हाल्ब आख्ट’ ऐकून बिनदिक्कत साडेआठ समजतो, आणि जेवणाच्या निमंत्रणाला हातात फुले घेऊन पुरा एक तास उशिरा पोहोचतो. लिंगविचाराबाबत मात्र कोणाचेच काही चालत नाही. तीन लिंगे आपल्यालाही आहेत खरी, पण जेवणाच्या टेबलावरच त्यांचा निकाल लागतो: चमचा दोन्हीकडे पुरुष आहे, आपला काटा तिकडे स्त्री होतो, आणि आपली सुरी तिकडे नपुंसकलिंगी. यापुढे मतैक्याची आशा धरू नये.

प्रत्यक्ष सरावासाठी बेकरी हे उत्तम स्थान मानले गेले आहे. उमेदवाराने दोन ‘ब्रेत्सं’ मागण्याचे वाक्य घरून पाठ करून जावे आणि ते निर्दोष म्हणावे. त्यावर विक्रेतीबाई आणखी काही हवे का, असा जो प्रश्न बव्हेरियन वळणाने आणि अतिशय वेगाने विचारते, तो पाठ्यपुस्तकातल्या संवादात छापलेला असला तरी तसा ऐकू येत नाही. उमेदवाराच्या चेहऱ्यावर जी छाया पसरते ती तिला सात पिढ्यांच्या अनुभवाने कळते, आणि ती दयार्द्र होऊन इंग्रजीत उतरते. येथे उमेदवाराने मनाला लावून घेऊ नये. उलट, ‘हे लोक आपल्याला जर्मन बोलूच देत नाहीत’ ही तक्रार येथूनच हस्तगत होते, आणि ती पुढे अनेक वर्षे पुरते. कचेरीत तर तक्रारीलाही जागा नाही, कारण तेथला कारभार इंग्रजीत चालतो. केवळ उपाहारगृहात टेबलाभोवती सहकारी एकाएकी खदखदून हसतात तेव्हा आपणही किंचित उशिराने हसावे, फार उशिराने हसू नये.

टपालाचा विषय थोडा नाजूक आहे. सरकारी कामकाजाची भाषा जर्मन आहे असे तेथल्या कायद्यातच लिहिलेले असल्याने, प्राप्तिकर खात्याचा आकारणीचा हुकूम जर्मनमध्येच येतो. तो टपालात पडल्यापासून चौथ्या दिवशी पोहोचला, असे कायदा २०२५ पासून गृहीत धरतो, आणि तेथून हरकत घेण्याची मुदत एक महिन्याची असते. टपालवाल्याच्या दिरंगाईसाठी कायद्याने चार दिवसांची सवलत ठेवली. वाचणाऱ्याच्या दिरंगाईसाठी मात्र एका दिवसाचीही ठेवली नाही, ही गोष्ट विषादाची होय. असा लखोटा आल्यावर भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने त्याचे भाषांतर करून पाहावे, त्यातले ‘आपणास सूचित करण्यात येते की’ एवढेच कळले तरी समाधान मानावे, आणि कागद जाड पुठ्ठ्याच्या फायलीत तारीखवार लावून ठेवावा. न वाचलेल्या कागदांची इतकी नेटकी व्यवस्था एखाद्या मामलेदार कचेरीतही आढळणार नाही. नभोवाणी-दूरदर्शनाची घरटी पट्टी, जी घरात यंत्र असो वा नसो दरमहा १८ युरो ३६ सेंट भरावी लागते, तिच्या मोबदल्यात रात्री आठ वाजता ‘टागेसशाऊ’ ही १९५२ पासून चालत आलेली, पंधरा मिनिटांची, स्पष्ट उच्चारांची बातमीपत्रिका मिळते, आणि तिच्याइतकी स्वस्त शिकवणी दुसरी नाही. परंतु त्या वेळी घरात कुकरच्या शिट्ट्या होत असतात.

काही वाईट उदाहरणांपासून उमेदवाराने दूर राहावे. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर हे विद्वान खंडोबाच्या आणि धनगरांच्या परंपरांचा शोध घेत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे हिंडले. विद्यापीठातल्या माणसाने वाडीवस्तीवर जाऊन, निरक्षर मेंढपाळांपुढे शिकाऊ होऊन बसावे, हे आपल्या हुद्द्याला शोभणारे नव्हे. अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेनचे ठीक आहे: १८८० साली त्याने जर्मन भाषेची जी प्रसिद्ध टवाळी केली, ती मित्रमंडळीत सांगण्यास फार सोयीची आहे. मात्र १८९७ साली हाच गृहस्थ व्हिएन्नात पत्रकारांच्या मेळाव्यापुढे उभा राहून चक्क जर्मनमध्ये भाषण करून आला, हा भाग सांगताना गाळावा.

परवान्याच्या बाबतीत सरकार स्वतःच उमेदवाराच्या बाजूचे आहे. ब्लू कार्ड नामक उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्याला कायम वास्तव्याचा परवाना बी-वनचा दाखला जोडल्यास २१ महिन्यांनी, आणि नुसत्या ए-वनवर २७ महिन्यांनी मिळू शकतो. म्हणजे दोन अख्ख्या पायऱ्यांची किंमत सरकारनेच सहा महिने ठरवून दिलेली आहे, आणि सहा महिने स्वस्थ बसणे कोणत्याही कष्टाळू माणसाला परवडते. नागरिकत्वाला बी-वन लागतेच. पण त्यासाठी भारतीय पारपत्र सोडावे लागते, आणि ते सोडण्यास मन धजत नाही, हे कारण भाषेच्या कारणापेक्षा ऐकायला अधिक उदात्त वाटते.

अखेरचा आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे अपत्य. बालवाडीत घातलेली कन्या एका हिवाळ्यात ‘डेर, डी, डास’ ही लिंगदर्शक उपपदे बिनचूक लावू लागते आणि दुसऱ्या हिवाळ्यात आपल्या पित्याची दुरुस्त करू लागते; तिसऱ्या हिवाळ्यात तिला घरचा दुभाषी म्हणून रीतसर नेमावे आणि मेहनताना आइस्क्रीमच्या गोळ्यांत ठरवून द्यावा. पालकसभेला त्या वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसण्याची पाळी येते, तेव्हा तिला मागे उभी करावी. रविवारी दुपारी मिक्सर लावल्याबद्दल खालच्या मजल्यावरच्या आजी दारात येऊन पाच मिनिटे न थांबता बोलल्या, आणि दुभाष्याने त्याचा तर्जुमा ‘हळू म्हणतायत, बाबा’ एवढ्याच शब्दांत केला, तरी आजींना नमस्कार करून दार लावावे. तर्जुमा इतका आटोपशीर कसा, अशी चौकशी करू नये. चौकशी केल्यास ती राहिलेले सगळे सांगेल.