वाटेवरच तर आहे!

माझ्या स्कूटरचे कायमस्वरूपी मागचे प्रवासी यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या जुलैत आपली मोटारसायकल सर्व्हिसिंगला गेली. ‘दोन दिवस सोडशील का रे ऑफिसला? तुझ्या वाटेवरच तर आहे,’ असं आपण म्हणालात. आपण वयाने मोठे, टीममध्येही ज्येष्ठ. मी म्हटलं, ‘हो, त्यात काय!’ ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. गाडी मात्र गॅरेजातून आलेली दिसते. परवाच्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी तिचं दर्शन झालं. मागे वहिनी होत्या. गाडी छान पळते, अभिनंदन.

आता त्या ‘वाटे’विषयी. मी राहतो बावधनला, आपण डहाणूकर कॉलनीत आणि ऑफिस हिंजवडीला. बावधनहून हिंजवडीला जाताना डहाणूकर कॉलनी लागते, हा शोध सर्वस्वी आपला. मी रोज सकाळी आधी ऑफिसकडे पाठ करून चांदणी चौक ओलांडतो, आपल्याला घेतो आणि तोच चौक पुन्हा ओलांडतो. २ ऑक्टोबर २०२२ ला तिथला जुना पूल स्फोटकं लावून पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला. एवढा खटाटोप कशासाठी, हे मला आता कळतंय.

हेल्मेटने आपला भांग विस्कटतो. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे. नसेल तर दंड, आणि चलान येतं गाडीमालकाच्या नावावर. पण भांग महत्त्वाचा.

पेट्रोलबद्दल माझी तक्रार नाही. शंभरीपार गेलेल्या लिटरच्या बदल्यात आपण महिन्याकाठी एक कटिंग पाजता, तोही ‘आज माझ्याकडून’ असं चारचौघांत जाहीर करून. गेल्या वर्षी दिलासाही दिलात, ‘मेट्रो आली की सुटलास!’ हिंजवडीच्या मेट्रोचा मार्ग बाणेर, विद्यापीठावरून शिवाजीनगरला जातो. डहाणूकर कॉलनी त्या मार्गावर नाही. म्हणजे माझी सुटका तहहयात लांबणीवर.

खरं दुखणं निराळंच आहे. मागच्या महिन्यात ताप आला. मॅनेजरला कळवलं, त्यांनी लिहिलं, ‘आराम कर.’ आपल्याला कळवलं, आपण लिहिलंत, ‘मग माझं काय?’ त्या दिवशी उमगलं की माझी रजा दोन ठिकाणी मंजूर व्हावी लागते आणि वरचं ऑफिस आपलं आहे. संध्याकाळी मित्राकडे जायचं, वाटेत भाजी घ्यायची, अर्धा तास लवकर निघायचं, सगळं आपल्याला विचारून.

दोष माझाही आहे. रोज पौड रस्त्यावर मी ‘उद्यापासून जमणार नाही’ हे वाक्य हेल्मेटच्या आत घोकतो. आपल्या फाटकाशी येईपर्यंत त्याचं ‘बसा’ होतं. समोर बोलवत नाही, म्हणून हा कागद.

तरी सोमवारपासून मी आठ वाजता बावधनहून थेट हिंजवडीला निघेन. आपण आठच्या आत बावधनच्या कोपऱ्यावर आलात, तर जरूर बसा. तो कोपरा खरोखरच माझ्या वाटेवर आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आजवरचा सारथी

ता. क. : हेल्मेट आणावे.