फुटलेल्या कौलाचा धनी

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यातली छपरं उडवली. वाऱ्याने केलेल्या नुकसानीचा निदान पंचनामा तरी झाला. छप्पर शाकारायला आलेल्या मिस्त्रीच्या पायाखाली फुटलेल्या कौलांच्या नशिबी तोही नसतो.

प्रसंग ठरलेला. एका गळतीसाठी मिस्त्री वर चढतो, रीप सोडून मंगलोरी कौलाच्या मधोमध पाय देतो आणि खाली माजघरात टीव्हीवर खापऱ्या कोसळतात. निवाडाही वरूनच येतो, "कौलं जुनीच होती, काका!" मुंबईतला चाकरमानी मालक व्हिडिओ कॉलवर हे पाहतो आणि वर चहापाण्याचे पैसेही पाठवतो. पावसाच्या तोंडावर दुसरा मिस्त्री मिळणार कुठे?

कायदा मात्र मालकाच्या बाजूने उभा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, मोबदला घेऊन केलेल्या कामात निष्काळजीपणाने नुकसान झालं, तर ती सेवेतली त्रुटी. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तक्रार ऐकणारा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला.

लागतो तो पुरावा, आणि तिथेच सगळं अडतं. बोली तोंडी, मजुरी रोख, आणि पावती मागितली की "विश्वास नाय का?"

तेव्हा शिडी लागण्याआधी छपराचे चार फोटो काढावेत, काम आणि मजुरी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावी, पैसे यूपीआयने द्यावेत. टीव्ही मात्र मालकानेच आधी हलवावा; त्यासाठी कुठलंही कलम नाही.